व्हॅन प्रकल्प, शेवटचा टप्पा: लेहहून पुणे आणि त्यानंतरची उस्तवार

२३ ऑगस्ट, लेह

उद्या पहाटे परतीला लागायचं. येताना राजस्थान, पंजाब, श्रीनगर, झोजिला, कारगिल असे आलो, मग हानले आणि उमलिंग ला ही खिंड पण झाली, आता मनालीमार्गे खाली. ७ सप्टेंबरला गणपती बसतात आणि आईने फोनवर बाकी काही न विचारता एवढंच विचारलं, "मखर कोण करणारे यंदा?" म्हणजे तारीख ठरली.

येतानाच्या नोंदी आत्ता वाचल्या तर त्यात काम कमी आणि हौस जास्त आहे. फोटो, खिंड, अजून एक खिंड. ते साहजिक आहे, जाताना सगळंच नवीन असतं आणि आपण बनवलेलं सगळंच भारी वाटतं. पण मागची सीट काढून बसवलेला प्लायचा पलंग, त्याखालचे दोन ड्रॉवर, लिथियम बॅटरी, छतावरचं सोलर पॅनल हे सगळं मी आणि दादाने पार्किंगमधे रविवार रविवार बसून बनवलंय, ते खरंच चालतं का हे परतीला कळेल, दमलेलो असताना, कौतुक संपल्यावर.

दादाची आयडिया अशी की आज गाडीतल्या प्रत्येक वस्तूला पिवळी चिकटपट्टी लावायची. वापरली की पट्टी काढायची. घरी पोचल्यावर जिच्यावर पट्टी असेल ती वस्तू पुढच्या वेळी येणार नाही. स्टेपनी, जॅक, टो करायचा पट्टा, औषधांचा डबा यांना सूट, ते वापरावं लागलं नाही तर उलट देवाला नारळ. संध्याकाळ सगळी यातच गेली. होमस्टेवाल्या ताई (इथे अबाले-आमाले म्हणतात, पण त्यांनी स्वतःच ताई म्हणायला लावलंय, आधी आलेल्या कुठल्यातरी कोल्हापूरकर ग्रुपची कृपा) बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या बेच रहे हो क्या सब?

२४ ऑगस्ट, सरचू

टांगलांग ला खिंड, ५,३२८ मीटर. आपली गाडी साधी पेट्रोल, टर्बो वगैरे काही नाही, वर हवेचा दाब पुण्याच्या निम्म्याला थोडा वर, त्यामुळे चढाला पहिला आणि दुसरा याच्यापुढे गिअर नाही. इंजिन आपल्या सीटखालीच आहे त्यामुळे चढावर पाय गरम आणि कान गार. पुण्यात उन्हाळ्यात शिव्या घातल्या होत्या त्या रचनेला, इथे हीटर म्हणून आशीर्वाद.

मोरे मैदानात रस्ता मस्त आहे पण जिथे काम चालू आहे तिथे खाली उतरवतात आणि मग धूळ. पिठापेक्षा बारीक. काचा बंद, एसीचं तोंड बंद, तरी आत. ड्रॉवर दुपारपासून नीट सरकत नाहीये, उद्या बघू.

गाटा लूप्सची २१ वळणं उतरताना दादा चालवत होता. दुसऱ्या गिअरमधे सोडून दिली, ब्रेक फक्त वळणाच्या आधी टेकवायचा. मागून एक नवी कोरी मोठी गाडी आली, पूर्ण घाट लाल दिवा लावून उतरली, खाली पोचलो तर बाजूला उभी, चाकातून वास येत होता आणि मालक पाणी मारायच्या बेतात होते. दादाने त्यांना थांबवलं, तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं की ती वाकडी होते. नुसतं अर्धा तास उभं राहा म्हणाला.

रात्री खिचडी. इथे पाणी साधारण ८६ डिग्रीलाच उकळतं त्यामुळे कुकर नसेल तर डाळीने आयुष्यभर शिजायचं नाव घ्यायचं नाही. कुकरची पट्टी निघाली. मेतकुटाची निघाली. हॅमॉकची निघेल असं वाटत नाही, पुढच्या शंभर किलोमीटरमधे एकही झाड नाहीये.

२५ ऑगस्ट, जिस्पा

सकाळी छोटा गॅस पेटेना. ब्यूटेनचा कॅन शून्याच्या आसपास गारठला की आत गॅस असून बाहेर नीट येत नाही. दोन्ही कॅन रात्री स्लीपिंग बॅगमधे घेऊन झोपायचे हा नियम आहे, काल एक बाहेर राहिला आणि दादाने तोच उचलला. दुसऱ्यावर चहा. लिथियम बॅटरीनेही ऊन येईपर्यंत चार्जिंग घेतलं नाही, पण तो बिघाड नाही, शून्याखाली चार्ज केलं तर सेल खराब होतात म्हणून तिच्यातलं सर्किट स्वतःच नाही म्हणतं. याबाबतीत ती आमच्या दोघांपेक्षा समजूतदार.

लवकर निघायचं कारण म्हणजे बारालाचाच्या अलीकडचे पलीकडचे नाले. वरचा बर्फ दिवसभर वितळतो, दुपारनंतर पाणी चढतं, सकाळी तोच नाला घोट्याएवढा असतो. आम्ही बारालाचा (सुमारे ४,८९० मीटर) ओलांडून सूरजताल बघून उतरलो तोवर नऊ वाजून गेलेले. झिंगझिंगबारच्या आधी एका ठिकाणी पाणी रस्त्यावरूनच आडवं चाललेलं, गोटे गुडघ्याएवढे. मी उतरून बुटाने अंदाज घेत उभी, तेवढ्यात समोरचा ट्रकवाला पलीकडून हात करून ओरडला, "दीदी, पहले में डालो, बायीं तरफ से, और बीच में सोचना मत!" दादाने पहिल्यात टाकली, डावीकडून घातली. मधे एक चाक गोट्यावर चढलं, गाडी तिरकी झाली, ड्रॉवरमधली सगळी भांडी एकदम एका बाजूला गेल्याचा आवाज आला आणि मग गाडी बाहेर. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीतून पाणी आत आलंय, चटई आणि तिच्याखालचं फोम भिजलं. हे लिहून ठेवते कारण पुढे लागणार आहे.

तांदीच्या पंपावर टाकी भरली. लेहकडे जाणाऱ्यांसाठी 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' हा बोर्ड इथलाच, आम्ही उलटीकडून आलो त्यामुळे बोर्ड वाचून नुसतं बरं वाटलं. म्हणजे जिस्पात जागा बघून मग केलाँग-तांदीला डिझेल-पेट्रोलवाल्या रांगेत जाऊन परत आलो, नदीकाठची जागा सोडवत नव्हती. लेहमधे बाहेरची प्रीपेड कार्डं चालत नाहीत, दादाचा फोन इतके दिवस नुसता कॅमेरा होता, इकडे रेंज आली आणि तो टेबलावरून सरकायला लागला इतके मेसेज.

चटई आणि फोम भागा नदीच्या वाऱ्यात दगडावर टाकलं. दोन तासात कडक.

२६ ऑगस्ट, कीरतपूर साहिब

अटल टनेल. ९.०२ किलोमीटर, २०२० च्या ऑक्टोबरपासून सुरू, त्याच्या आधी याच ठिकाणी रोहतांग चढून उतरावा लागायचा. या बाजूला लाहौल, कोरडं, उघडं, आणि दहा-बारा मिनिटात पलीकडे बाहेर पडलो तर पाऊस, देवदार, धुकं, काचेवर आतून वाफ.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. लडाखात सामान मळतं, पण सडत नाही. तिथे ओला टॉवेल दारावर टाकला की चहा होईपर्यंत वाळतो त्यामुळे आपण ओलं-कोरडं याचा विचारच सोडून देतो. कॅम्पिंगचं सामान खराब होतं ते टनेलच्या या बाजूला, परतीच्या आठवड्यात, जेव्हा आपण दमलेले असतो आणि 'आता घरी जाऊनच बघू' म्हणत सगळं कोंबतो. म्हणून आजपासून रोज संध्याकाळी टेंट पिशवीतून काढून नुसता हवेवर सोडायचा, लावायचा नसला तरी. दादाने तोंड केलं. पण केलं.

मंडीत टायरची हवा बघितली तर चारही चाकं पाच-सहा पीएसआय कमी. पंक्चर नाही, वर बाहेरचा दाब कमी म्हणून तिथे काट्यावर ३३ दिसत होते, खाली तीच हवा कमी दिसते. बारालाचावर झाकण लावलेली रिकामी बाटली पण पार चेपून गेलेली. इथपर्यंत शाळेतलं विज्ञान. गंमत पुढे आहे, आईने दिलेला मेतकुटाचा घट्ट झाकणाचा डबा, सरचूला खाऊन बंद केलेला, तो उघडेचना. दादाने जोर लावला, मी लावला, गुरुद्वाऱ्याच्या पार्किंगमधे एका सरदारजींनी लावला. शेवटी चमच्याचं टोक रबराखाली घातलं, फुस्स आवाज आला आणि झाकण हातात. सरदारजींना चिमूटभर मेतकूट हातावर दिलं, त्यांनी चाटून बघितलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "दवाई है?"

लंगरमधे जेवलो, दादाने भांडी घासायच्या सेवेत तास काढला. झोप गाडीतच, पार्किंगमधे. उंचीवरून खाली आलं की अशी झोप लागते की कुणी गाडी उचलून नेली असती तरी कळलं नसतं.

२७ ऑगस्ट, सोहनाच्या अलीकडे

अंबाला, कर्नाल, मुरथलचे पराठे, दिल्लीला वळसा घालणारा केएमपी एक्सप्रेसवे. लिहिण्यासारखं काही नाही, गरम आहे. गॅसचे उरलेले कॅन आता काळजीचे, बंद गाडीत उन्हात ठेवायचे नाहीत, त्यामुळे गाडी थांबली की कॅनची पिशवी मी हातात घेऊन फिरते. ढाब्यावर लोकांना वाटतं पैसे आहेत.

स्लीपिंग बॅग आज रिटायर. आईची गोधडी पहिल्यांदा बाहेर, पट्टी निघाली. मच्छरदाणीची निघाली. १२ व्होल्टच्या पंख्याची निघाली, आणि हा पंखा न्यायचा का नाही यावर मे महिन्यात आमचं दोन दिवस भांडण झालेलं हे इथे नमूद करते. पंखा माझा होता.

२९ ऑगस्ट, बुंदी

काल एक्सप्रेसवेने सोहना ते दौसा, मग लालसोट, टोंक करत इथे. शेवटचे दोन तास धो धो. आज मुक्काम, कारण सगळंच दमट झालंय. हॉटेलवाल्याला विचारून वरच्या पॅसेजमधे दोरी बांधली आणि टेंटचं बाहेरचं कव्हर, ताडपत्री, बूट, फोम सगळं पसरलं. वाळत काहीच नाही, निदान गोळा होऊन पडलं तरी नाही.

दुपारी उघडीप होती तेवढ्यात रानीजी की बावडी. १६९९ मधे राणी नाथावतींनी बांधून घेतलेली, वरून बघताना कळत नाही, पायऱ्या उतरत गेलं की कमानी आणि खांबांवरचे हत्ती दिसायला लागतात, उलट्या सोंडेचे. लडाखनंतर पाण्यासाठी एवढी कोरीव जागा बघणं वेगळंच वाटलं. अजून लिहिलं असतं पण परत पाऊस आला आणि वर दोरीवर टेंट होता म्हणून पळालो.

३० ऑगस्ट, उज्जैन

कोटा ते झालावाडमधे दराचा घाट लागतो, मुकुंदराच्या डोंगरातली चिंचोळी जागा, बाजूला रेल्वे, आणि एक ट्रक अडकला की संपलं. आज अडकलेला. लोक गाड्या बंद करून खाली उतरून बसले. आमच्याकडे गॅस, कांदा, पोहे, वेळ सगळंच होतं. मागच्या दाराचा फळा खाली पाडला की ओटा होतो, हे डिझाईन माझं आणि परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त याचाच उपयोग झालाय. शेजारच्या इंदूरच्या कुटुंबाला पोहे दिले, त्यांच्या आजींनी पिशवीतून शेव आणि जिरावण काढून वर घातलं, आमच्याकडे न बघताच. बरोबर होतं त्यांचं.

३१ ऑगस्ट, धुळे

इंदूर सोडल्यावर गणपती घाट, उतारावर ट्रकचे ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम, तिथे गाटा लूप्सपेक्षा जास्त भीती वाटली कारण इथे मागून काय येतंय हे आपल्या हातात नाही. डावीकडे, दुसरा गिअर, शांत. मग खलघाटला नर्मदा, दुथडी. सेंधवा, बिजासन, आणि पळासनेरला महाराष्ट्र. पहिली लाल एसटी दिसली तेव्हा दादाने हॉर्न वाजवला, ड्रायव्हरने असा बघितला की कोण हे येडं.

आत्याकडे मुक्काम. शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा. जेवण झाल्यावर आत्या खाली येऊन गाडीचं दार उघडून उभी राहिली, ड्रॉवर ओढायचा प्रयत्न केला, हलला नाही. मग पट्ट्या लावलेल्या वस्तू एकेक बघत गेली. "कुऱ्हाड कशाला रे घेतली? आणि हे तीन चमचे एकात एक जाणारे, बरं. आणि सांडशी कुठंय?"
"नाहीये आत्या, फडक्याने उचलतो."
"एवढा संसार नेलात आणि सांडशी नाही," म्हणाली आणि वर जाऊन स्वतःची घेऊन आली. तिला पट्टी लावायची की नाही यावर दादाचा आणि माझा वाद चालू आहे.

१ सप्टेंबर, पुणे, रात्री उशिरा

पोचलो. पण क्रमाने.

उद्या पोळा, त्यामुळे मालेगावपासून येवल्यापर्यंत प्रत्येक बाजारात घुंगरमाळा, गोंडे, मोरक्या, वेसणी, शिंगांना लावायचा हिंगूळ, रंगाचे डबे. पावसात प्लास्टिक टाकून दुकानं चालू. मी दोन गोंडे घेतले, आरशाला बांधायला.

येवल्याच्या पुढे रस्त्यालगत कांद्याच्या ट्रॅक्टरांचा वजनकाटा दिसला आणि दादा म्हणाला थांब. किती दिवसांपासून त्याच्या डोक्यात होतं. काट्यावरच्या काकांनी आधी विचारलं माल काय, मग आम्हाला दोघांना बघून म्हणाले चढवा. १,४१० किलो, आम्ही आत बसून. आरसी बुकात रिकामी गाडी ९४०. आमची दोघांची वजनं आणि पेट्रोल वजा केलं, काढून ठेवलेली सीट हिशेबात धरली, तरी तीनशे किलोच्या वर सामान आणि सुतारकाम. काका पावती फाडत म्हणाले, "सहा क्विंटली पिकअप बरी पडली असती तुम्हाला." पावती नोंदवहीत चिकटवली आहे. या संपूर्ण प्रकल्पातला सगळ्यात खरा आकडा हाच, आणि तो कांद्याच्या काट्याने दिला.

मग नगर-मनमाड रस्ता. अख्खं लडाख, उमलिंगला, झिंगझिंगबारचा नाला यात गाडीने हूं की चूं केलं नाही, आणि राहुरीच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात मागचं डावं चाक गेलं, धाड, आणि त्यानंतर प्रत्येक उंचवट्याला धाडधाड. मागच्या शॉकअपचं खालचं बुश तुटलं, शॉकअपमधून तेल पण यायला लागलं. रविवार असून एक गॅरेजवाला भेटला, पार्ट नव्हता, त्याने जुन्या ट्यूबचं रबर कापून घट्ट बसवून दिलं, "चाळीसच्या वर जाऊ नका." चाळीसने नगर, चाळीसने शिरूर, आणि वाघोलीत चाळीसची परवानगी असती तरी उपयोग नव्हता.

अकरा वाजून गेले होते. आई जागी. बाबांनी पहिल्यांदा टायर बघितले, मग आम्हाला.

२ सप्टेंबर

दादाला सुट्टी नाही, ऑफिसला गेला. पहाटे पाचला टक्क जाग, मग गादीवर पडून पंख्याचा आवाज ऐकत होते. नाकातून सुकलेलं रक्त यायचं बंद झालंय, ओठ अजून सोलतायत.

सामान खाली करणे. लिफ्टच्या फेऱ्या. नियम: ओलं ते गॅलरीत, कोरडं ते हॉलच्या एका कोपऱ्यात, कपडे थेट बादलीत, खायचं ते आईकडे. दुपारपर्यंत हॉल गेला. आई शांत होती, फक्त मखराच्या थर्मोकोलबंदीनंतर पुठ्ठ्याचं सामान कुठे ठेवायचं हे दोनदा विचारून गेली.

३ सप्टेंबर

आज ड्रॉवर. कधीपासून नीट उघडत नव्हते, डावा अर्धा यायचा, उजवा अजिबात नाही. वरचा फळा काढला, स्क्रू चौदा, त्यातले तीन फिरून फिरून डोकं गुळगुळीत झालेले, ते पकडीने. मग दिसलं. टेलिस्कोपिक चॅनलला सुतारकाकांनी छान ग्रीस लावून दिलेलं, त्या ग्रीसवर मोरे मैदानाची धूळ बसली, त्यावर झिंगझिंगबारचं पाणी, त्यावर बुंदीचा पाऊस, आणि सगळ्याचा मिळून राखाडी लगदा. चॅनलच्या आतली छर्‍यांची पट्टी सरकायच्या ऐवजी वाकून दुमडलेली. एक छर्रा तर पोह्यांच्या पातेल्यात सापडला, देवाची कृपा की तो दात घालायच्या आधी दिसला.

रॉकेल मिळत नाही आता, पेट्रोलने ब्रश मारून धुतलं. डावा चॅनल वाचेल, उजवा भंगार. घरातल्या कपाटाला चॅनल ठीक आहे. गाडीला, आणि तेही अशा धुळीला, चॅनल नकोच, साध्या लाकडी खाचेत मेण घासून सरकणारा खोका पाहिजे, अडकला तर निदान ठोकून काढता येतो. दुकानदार ऐकणार नाही, त्याला सॉफ्ट क्लोज विकायचे असतात.

प्लायच्या खालच्या कडेला, जिथे दारातून पाणी आलेलं, पांढरी बुरशी. उन्हात ठेवायचं तर ऊन नाही.

५ सप्टेंबर

टेंट गच्चीवर. मशीनमधे टाकायचा नसतो, टबमधे कोमट पाणी आणि अंगाच्या साबणाचा चुरा, स्पंजने. कपड्याच्या पावडरने वरचं पाणी न शोषणारं कोटिंग जातं. मग सावलीत, कारण कडक उन्हाने नायलॉन कमकुवत होतं, अर्थात पुण्यात या आठवड्यात तो प्रश्न नाहीये. खालचे चिखलाचे डाग, झिपच्या दातातली वाळू जुन्या टूथब्रशने, मग झिपवर मेणबत्ती घासली.

सोसायटीचे सेक्रेटरी काका वर आले. गच्ची सार्वजनिक आहे, वगैरे. मी म्हटलं काका, दोन दिवस, गणपतीच्या मंडपाच्या आधी काढते. त्यांनी टेंटमधे डोकावून बघितलं. मग आत बसून बघितलं. मग नातवाला फोन करून वर बोलावलं. आता टेंटला मुदतवाढ आहे.

दादाचा कॉलेजचा जुना टेंट पण काढला, तो यावेळी जादा सामानासाठी नेलेला. उघडल्या उघडल्या आंबूस वास आणि तळाचा आतला थर हाताला चिकट, पापुद्रे निघतायत. हा दमट ठेवला गेल्याचा परिणाम, कोटिंगचं पॉलियुरेथेन ओलाव्याने तुटतं आणि मग काहीही लावा, परत येत नाही. दादा म्हणाला पॅच मारू. नाही. काठ्या आणि खुंट्या काढून घेतल्या, कापड कचऱ्यात.

७ सप्टेंबर

गणपती बसले. मखर झालं, पुठ्ठा आणि जुन्या साड्या. पूजेच्या मधेच लाईट गेली आणि दादाने काही न बोलता व्हॅनची बॅटरी हॉलमधे आणून मखराच्या माळा तिच्यावर लावल्या. १२८० वॉट-अवरची बॅटरी, एलईडी माळांना ती दहा दिवस पण पुरेल. आता आईने तिला परत गाडीत न्यायला मनाई केली आहे, अनंत चतुर्दशीपर्यंत तरी.

१० सप्टेंबर

गॅरेज. मागचे दोन्ही शॉकअप (एकच बदलायचा नसतो), पुढच्या लोअर आर्मचे बुश, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, अलाइनमेंट. एअर फिल्टर मेकॅनिकने फरशीवर एकदा आपटला, आणि जे पडलं ते बघून तो बाकीच्या पोरांना बोलवायला गेला. मागच्या ब्रेक लायनरमधून तर वाळू निघाली. उजव्या पुढच्या टायरला बाजूच्या भिंतीवर काप आहे, आत धागा दिसतो, तिथे पंक्चर पट्टी चालत नाही, टायर बदलायचाच. तो म्हणाला खालून डिझेल मारून देतो, चकाचक. नको म्हटलं, डिझेलने आताच टाकलेले रबराचे बुश फुगतील, नुसत्या पाण्याच्या प्रेशरने धू. "मॅडम सगळे मारतात." मारू देत.

सगळं मिळून साडेअठरा हजार, टायर धरून. बाबांनी बिल वाचलं, चष्मा काढला, परत घातला.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, हॉल रिकामा, म्हणून पट्ट्यांचा निकाल. सगळं फरशीवर मांडलं.

पट्टी अजून लागलेली: हॅमॉक, कुऱ्हाड, दुसरी शेगडी, फोल्डिंग टेबल (दाराचा फळा असताना टेबल कशाला), सोलरचा कंदील, तिसरी खुर्ची जी पाहुण्यांसाठी होती, चार पुस्तकं, ड्रोनची पेटी, पावभाजीचा तवा, रेनकोटचे दोन जास्तीचे जोड, आणि माझी सकाळी योगा करायची चटई. वजनकाट्यावर परत नेलं नाही, घरच्या काट्यावर थोडं थोडं करून साठ किलोच्या आसपास भरलं. म्हणजे एक माणूस आम्ही उगाच फिरवून आणला.

उलट जे सारखं हाताला लागलं ते सगळं स्वयंपाकघरातलं किंवा माळ्यावरचं. कुकर, गोधडी, ताडपत्री, सुंभाची दोरी, पाय पुसायला दारातलं गोणपाट, एक खोल पातेलं. दुकानातून 'कॅम्पिंग' म्हणून घेतलेल्यातलं टेंट, मॅट आणि डोक्याला लावायचा टॉर्च, बास. टॉर्चसाठी दादा भांडला होता, तेही नमूद करते.

सांडशीला पट्टी लावलेली नव्हती. ती राहणार.

२९ सप्टेंबर

स्लीपिंग बॅगा एकदाच्या धुतल्या. पिसांच्या आहेत, घरच्या मशीनमधे भीती वाटली म्हणून कोपऱ्यावरच्या लाँड्रीतल्या मोठ्या ड्रायरला, सोबत दोन टेनिस बॉल टाकले की गुठळ्या फुटतात. लाँड्रीवाला बॉलकडे बघत म्हणाला मुलांचे राहिलेत का आत. आता त्या दाबून पिशवीत नाही भरायच्या, जुन्या उशीच्या खोळीत सैल ठेवून कपाटाच्या वर. बॅटरी निम्म्या चार्जवर आणून ठेवली. पाण्याचा वीस लिटरचा कॅन आतून हिरवा झालेला, ब्लीचिंग पावडरने दोनदा, तरी वास. तो आईने झाडांसाठी घेतला.

मामेभावाने कासला न्यायला टेंट मागितला. फुलं बघायला एका दिवसात जाऊन येतात म्हटलं, टेंट लावायला परवानगी पण नसते तिथे. रुसलाय.

५ ऑक्टोबर

नवीन पलंगाचं मोजमाप. १८ एमएमच्या ऐवजी १२ चा प्लाय, खाली पोकळ पाइपची फ्रेम, चॅनल नाही, खोके खाचेत. दाराच्या पट्टीला रबर बीडिंग. दाराचा ओटा आहे तसाच, उलट दोन इंच रुंद. दादाला एक ड्रॉवर तरी सॉफ्ट क्लोज पाहिजे, फक्त एक, भांड्यांसाठी. त्याला चॅनलमधून निघालेला वाकडा छर्रा दाखवला, तो मी जपून ठेवलाय.

सुतारकाका येऊन बघून गेले. जुना प्लाय कापून वापरता येईल, बुरशीची कड तेवढी जाईल म्हणाले, दसऱ्याच्या आधी जमणार नाही, दसऱ्यानंतरच्या सोमवारी नक्की. तोपर्यंत प्लाय गॅलरीत उभा आहे आणि कपडे हॉलमधे वाळतायत. आईने काकांना जिन्यातून हाक मारून विचारलं, सोमवार म्हणजे कोणत्या महिन्यातला ते एकदा लिहून द्या.